सहा लाख होनांचा कागद

१६८९ साल सरत आलं तेव्हा दख्खनची मोहीम फत्ते झाली असं औरंगजेबाला वाटलं असेल, तर त्याला नावं ठेवायला जागा नाही. १६८६ च्या सप्टेंबरात विजापूर पडलं, पुढच्या सप्टेंबरात गोवळकोंडा. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरात छत्रपती संभाजीमहाराज मुकर्रबखानाच्या हाती लागले आणि ११ मार्चला भीमेकाठी हालहाल करून त्यांना मारण्यात आलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रायगडही गेला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू बादशाही छावणीत कैद झाले. गादीवर बसवलेले राजाराममहाराज १९ वर्षांचे, तेही देश सोडून कर्नाटकात निघून गेलेले. राजधानी नाही, खजिना नाही, फौज पांगलेली. कागदावर मांडून पाहिलं तर मराठी राज्य संपलेलंच होतं.

तरीही पुढची अठरा वर्षं बादशहाला दिल्लीचं तोंड पाहता आलं नाही. तो अहमदनगरला मेला आणि खुलदाबादेत पुरला गेला.

या अठरा वर्षांचं श्रेय आपण सवयीनं संताजी-धनाजींना देतो. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात त्यांची सावली दिसायची, ही गोष्ट शाळेतच आपल्या कानावर पडलेली असते. श्रेय खोटं नाही. पण घोडेस्वार कुठं धाडायचे, कशासाठी धाडायचे आणि पगाराला दमडी नसताना त्यांनी का जायचं, हे प्रश्न घोड्यावर बसून सुटत नाहीत. ते सुटले दफ्तरात, आणि म्हणून या युद्धाची खरी हकिगत लढायांपेक्षा त्या काळच्या पत्रांमध्ये सापडते, असं माझं मत आहे.

पहिला निर्णय रायगडावर झाला. मोगल सरदार झुल्फिकारखान (तेव्हा त्याचं नाव इतिकादखान होतं, झुल्फिकारखान हा किताब त्याला रायगड घेतल्यावर मिळाला) पायथ्याशी येऊन बसला होता. बखरी सांगतात की राजघराण्यानं एकाच गडावर कोंडून घेऊ नये, राजारामांनी बाहेर पडावं आणि आपण शाहूंसह मागं राहावं, हा सल्ला येसूबाईंचा. नवऱ्याच्या हत्येला महिनासुद्धा झाला नव्हता. गादीचा वारस म्हणायचा तर त्यांचा स्वतःचा मुलगा होता, आणि त्यांनी दिराला पुढं केलं. बखरीतले संवाद बाजूला ठेवले तरी जे घडलं ते याच सल्ल्याप्रमाणे घडलं: ५ एप्रिलला राजाराम रायगडाबाहेर पडले, प्रतापगडामार्गे पन्हाळ्याला गेले, आणि पन्हाळाही वेढ्यात सापडणार असं दिसताच २६ सप्टेंबरला तिथूनही निघाले. किल्ला गेला तरी चालेल, राजा हाती लागता कामा नये, एवढं पक्कं ठरलं होतं.

तो प्रवास कादंबरीकारांना फार आवडतो. लिंगायत यात्रेकरूंचा वेष, बिदनूरच्या राणी चन्नम्मांनी बादशहाचा रोष पत्करून दिलेली वाट, मागं राहून मार सोसणारे खंडो बल्लाळ. आपल्याला त्यात फार रमायचं कारण नाही. नोव्हेंबरात राजाराम जिंजीला पोहोचले, हे महत्त्वाचं.

जिंजी शिवाजीमहाराजांनी १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात घेतली होती आणि तिची तटबंदी मजबूत करून ठेवली होती. तीन डोंगर, तिन्हींवर बालेकिल्ले, आणि तिघांना कवेत घेणारा लांबलचक तट. मोगली तोफखान्याला सह्याद्रीपासून पार पूर्व किनाऱ्याकडे ओढत नेणारी ही जागा. झुल्फिकारखान १६९० च्या सप्टेंबरात तिथं जाऊन थडकला आणि १६९८ च्या जानेवारीपर्यंत त्याच कामात अडकला. सात वर्षांवर काळ एका किल्ल्यासाठी! भीमसेन सक्सेना नावाचा बऱ्हाणपूरचा कायस्थ दलपतराव बुंदेल्याच्या पदरी होता, आणि त्या वेढ्यातल्या मोगली फौजेबरोबर होता. त्यानं स्पष्टच लिहून ठेवलं आहे की खानानं मनावर घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी किल्ला घेतला असता, पण कामगिरी लांबवत ठेवणं ही सरदारांची रीतच असते. औरंगजेबाच्या फौजेत कशाची वाळवी लागली होती ते त्याच्याच माणसाच्या तोंडून कळतं.

इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य होते. निळो सोनदेवांचे चिरंजीव, शिवाजीमहाराजांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन राजारामांनी जवळजवळ राजाचेच अधिकार त्यांच्याकडे सोपवले. जोडीला शंकराजी नारायण सचिव, पुढे परशुराम त्र्यंबक. जिंजीला प्रल्हाद निराजी प्रतिनिधी म्हणून महाराजांजवळ. म्हणजे एका राज्याची दोन सरकारं झाली, मध्ये शेकडो मैलांचा शत्रूचा मुलूख. हरकारा सुखरूप पोहोचला तरी पत्राला आठवडे लागायचे, आणि उत्तर येईस्तोवर ज्या गडाबद्दल विचारलं तो गड कुणाकडे असेल याचा भरवसा नाही. अशा वेळी रोजचा हुकूम पाठवून राज्य चालत नाही. कुणी कुठं घाला घालायचा, कुठला ठाणेदार फोडायचा, हे जागच्या माणसानंच ठरवायचं. जिंजीनं द्यायची होती फक्त दिशा.

ती कशी दिली याचा एक अस्सल नमुना शिल्लक आहे. ४ जून १६९१ रोजी राजारामांनी हणमंतराव घोरपड्यांना दिलेलं पत्र. मजकूर व्यवहाराचा आहे. हणमंतरावांना फौजखर्चासाठी एकूण सहा लाख होन द्यायचे ठरले. ते एकदम नव्हे. रायगडाकडचा मुलूख सोडवला की ६२,५०० होन. विजापूर घेतलं की ६२,५००. भागानगर, म्हणजे हैदराबाद, घेतलं की ६२,५००. औरंगाबाद घेतलं की पुन्हा तेवढेच. आणि उरलेले साडेतीन लाख? ते दिल्ली घेतल्यावर. कृष्णाजी घोरपड्यांनाही अशाच हप्त्यांनी एक लाख होन कबूल केले होते.

हे पहिल्यांदा वाचताना हसू येतं. त्या जूनमध्ये जिंजीखाली मोगलांची छावणी पडून नऊ महिने होत आले होते. हाती पैसा इतका कमी, की आदल्याच वर्षी देवनामपट्टणचा किल्ला इंग्रजांना विकावा लागला होता. त्यांनी त्याचं नाव ठेवलं फोर्ट सेंट डेव्हिड. स्वतःचा गड सुटत नाही, रायगड शत्रूच्या ताब्यात, आणि हा तरुण राजा दिल्ली घेतल्यावर साडेतीन लाख देईन म्हणतो. बढाई म्हणावी तर पत्राचा सूर बढाईखोर नाही. बांधकामाच्या ठेकेदाराशी पायापासून कळसापर्यंतचे हप्ते ठरवावेत, तसा तो कोरडा आहे.

मला त्यातली दोन गोष्टींची सांगड फार विचार करून घातलेली वाटते. एक, आज द्यायला काहीच नाही, म्हणून सगळी देणी कामावर टाकली. काम झालं तर त्या मुलखातूनच पैसा उभा राहील. दोन, आणि हे अधिक महत्त्वाचं, हप्त्यांच्या क्रमातून युद्धाचा नकाशा उघड केला. गेलेलं परत मिळवणं हा त्यात केवळ पहिला हप्ता आहे, सहा लाखांतला जेमतेम दहावा भाग. त्यापुढं आदिलशाही, कुतुबशाही, मोगलांचं दख्खनचं ठाणं आणि शेवटी त्यांची गादी. अर्ध्याहून अधिक रक्कम शेवटच्या टप्प्यावर ठेवलेली. आपण बचावाच्या लढाईत आहोत असं ज्या राजाला वाटतं, तो असं पत्र लिहीत नाही. आणि कसं करायचं याबद्दल त्यात एक ओळ नाही. ते घोरपड्यांनी बघायचं.

या पद्धतीची किंमतही होती आणि ती जबर होती. शिवाजीमहाराजांचा कटाक्ष होता की सरदाराला रोख पगार द्यावा, मुलूख तोडून देऊ नये. तो कटाक्ष या वर्षांत पुरता मोडला. पर्याय नव्हता. औरंगजेब मनसबी आणि वतनं घेऊन बसलेलाच होता. देशमुख-देशपांडे त्याच्याकडे जात, काही काळ राहत, वारं फिरलं की परत येत. कित्येक घराण्यांत एक भाऊ इकडे, एक तिकडे, म्हणजे कोणीही जिंकलं तरी वतन घरातच. रामचंद्रपंतांनी अशा माणसांना गेल्या दिवसांचा जाब न विचारता परत घेतलं. बादशहा जे देतो ते आम्हीही देऊ, वतन चालवू, जिंकाल तो मुलूख तुमच्याकडे ठेवू. जिंजीहून बाजी सर्जेराव जेध्यांसारख्या देशमुखांना पत्रं जात होती की कर्नाटकात मोठी फौज जमली आहे, मोगलांकडे गेलेले लोक परत येताहेत, तुम्हीही आपली जमेत धरून स्वामीकार्य करावं. निष्ठा आणि हित एकाच दोरीत वळून घेतलं, आणि ती दोरी टिकली. परशुरामपंतांनी १६९२ मध्ये पन्हाळा परत घेतला, शंकराजींनी मावळातले गड सोडवले. जिंजीहून एकही शिपाई आलेला नसताना.

या चौकटीत एकच माणूस बसत नव्हता, आणि तो सगळ्यांत मोठा सेनापती होता.

संताजी घोरपड्यांनी १६९२ च्या डिसेंबरात धनाजी जाधवांबरोबर कर्नाटकात उतरून कावेरीपाकजवळ अलीमर्दानखानाला पकडलं. झुल्फिकारखानाला वेढा उठवून वांदिवाशला माघार घ्यावी लागली. छावणीत असलेला बादशहाचा मुलगा कामबक्ष राजारामांशी बोलणी करू पाहत होता, तर त्याच्याच बाजूच्या वजिरानं, असदखानानं, त्याला कैद केलं. १६९५ च्या नोव्हेंबरात दोड्डेरीला कासिमखान कोंडला गेला आणि तिथंच मेला. त्यानं विष घेतलं असं तेव्हाही बोललं जात होतं. दोनच महिन्यांनी बसवापट्टणजवळ हिंमतखान पडला. मोगल सरदार संताजींचं नाव ऐकून थरथरत होते, असं मोगलांचेच इतिहासकार लिहितात.

पण संताजींची शिस्त कडक होती. त्यांना हुकूम मोडलेला चालत नसे, आणि राजाराम-रामचंद्रपंतांनी उभी केलेली सगळी व्यवस्था तर हुकूम कमी आणि सवलती जास्त, यावरच चालली होती. सरदार दुखावले. धनाजींशी वैर वाढलं. राजाराम कधी संताजींचं ऐकत, कधी त्यांच्याविरुद्ध जाणाऱ्यांचं. १६९६ मध्ये प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की संताजी आणि धनाजींच्या फौजा जिंजीच्या परिसरात एकमेकींवरच तुटून पडल्या, आणि छत्रपती धनाजींच्या बाजूला. १६९७ च्या जूनमध्ये नागोजी माने या मराठ्यानंच डूख धरून संताजींना मारलं. नागोजीच्या मेहुण्याला संताजींनी हत्तीच्या पायी दिलं होतं.

राजारामांची बाजू घ्यायची झाली तर म्हणता येईल की एका संताजीसाठी दहा सरदार गमावणं त्यांना परवडणारं नव्हतं. मला हे पटत नाही. ज्यानं साडेसहाशे कोसांवरच्या दिल्लीची रक्कम ठरवली, त्याला जवळच्या दोन माणसांत मेळ घालता आला नाही, हे त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत मोठं अपयश. संताजी गेल्यावर सात महिन्यांत जिंजी पडली. पडायच्या आत राजाराम मात्र निसटले. झुल्फिकारखानानंच डोळेझाक केली अशी कुजबुज तेव्हापासून आहे. १६९८ मध्ये ते विशाळगडावर पोहोचले, पुढच्या वर्षी सातारा राजधानी झाली, आणि २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर, तिशीच्या उंबरठ्यावर, ते वारले.

आता पलीकडच्या तंबूत डोकवायला हवं. कारण ध्येयाला चिकटून राहणं हाच गुण मानायचा, तर या युद्धात औरंगजेबाइतका चिकट दुसरा कुणी नाही. १६८१ च्या सप्टेंबरात त्यानं अजमेर सोडलं तेव्हा तो ६३ वर्षांचा होत आला होता. उत्तर हिंदुस्थान त्याला पुन्हा दिसला नाही. १६९५ पासून भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला त्याचा तळ होता. १६९९ च्या ऑक्टोबरात, वयाच्या ऐंशीत, तो स्वतः गड घ्यायला निघाला. वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. सहा वर्षं एकामागून एक किल्ला.

गड घेणं हे कशाचं तरी साधन होतं, हे त्याला कुठल्यातरी वळणावर आठवेनासं झालं. साताऱ्याच्या वेढ्यात १३ एप्रिल १७०० रोजी सुरुंग उडवले. एका सुरुंगानं तट उलटा मोगलांवरच कोसळून सुमारे दोन हजार माणसं दगडांखाली गेली. गड आठवड्याभरात वाटाघाटीनं मिळाला, कारण राजाराम वारल्याची बातमी आली होती. बादशहानं त्याचं नाव ठेवलं आझमतारा. सिंहगडाचं झालं बक्षिंदाबक्ष, तोरण्याचं फुतूहुल्गैब. या सगळ्या यादीत हल्ला करून, दोर लावून चढून घेतलेला गड तोरणा एकटाच, असं म्हणतात. बाकीचे थैल्या मोजून.

विशाळगडाचं पाहा. १७०१ च्या डिसेंबरात वेढा पडला, परशुरामपंतांनी सहा महिने गड झुंजवला आणि जूनमध्ये, अंबा घाटात पाऊस कोसळायला लागल्यावर, दोन लाख रुपये घेऊन खाली केला. निशाणं फडकवत माणसं उतरली. मग बादशाही लष्कराला परतायचं होतं. आपल्याकडचा आषाढ ज्यानं त्या घाटात पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. ओढे फुगले, चिखलात बैल रुतले, हत्ती बसले, तंबू नाहीत, दाणा नाही. पन्हाळ्यापर्यंतची जेमतेम पंधरा कोसांची वाट काटायला पाच आठवड्यांहून जास्त दिवस लागले. पंतांचे दोन लाख मात्र सुखरूप होते, आणि त्यातून पुढच्या गडाची बेगमी झाली. मराठ्यांनी गडाचा मोह सोडला होता. पावसापर्यंत लढवावा, भाव चढला की द्यावा, आणि बादशहा पुढच्या डोंगराकडे वळला, मागच्या शिबंदीची रसद आटली, की परत घ्यावा. १७०७ येईपर्यंत यातले बरेचसे गड पुन्हा मराठ्यांकडे आलेले होते.

बाहेर पडायची वाटही बादशहाला दाखवली गेली होती. राजाराम वारल्यावर त्यांच्या पत्नी ताराबाईंनी मुलाला सातहजारी मनसब द्यावी, काही गड आम्ही देतो, असं बोलणं लावलं. त्यात किती मनापासूनचं आणि किती वेळकाढूपणाचं हे ठरवणं कठीण. पण औरंगजेबाला सगळे गड हवे होते. त्यानं नकार दिला. तह करून दिल्लीला जावं, तिकडे जाट उठले आहेत, खजिना रिकामा होतो आहे, हे सांगायची छावणीत कुणाची छाती नव्हती.

ताराबाई, हंबीरराव मोहित्यांची मुलगी, तेव्हा २५ वर्षांच्या. राजारामांच्या मृत्यूनंतर मोगलांच्या छावणीत शादियाने वाजले, कारण उरली होती एक विधवा आणि एक लहान मूल. मोगल इतिहासकार खाफीखान हा मराठ्यांचा मित्र नव्हे. तोही कबूल करतो की या बाईच्या हुशारीनं आणि कारभारानं मराठ्यांचा जोर दिवसेंदिवस वाढला. ताराबाईंनी काय केलं? बादशहा सह्याद्रीत गड मोजत असताना त्यांनी घोडी नर्मदेपार पाठवली. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे माळव्यात शिरले. १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत रतनपूरला मोगल फौज उधळून लावली. चौथ वसूल करायला कमाविसदार नेमले गेले, वाटेत चौक्या बसल्या. मोगल सुभ्यातच मराठ्यांचा दुसरा कारभार सुरू झाला.

१७०६ च्या जानेवारीत औरंगजेब अहमदनगरला पोहोचला. त्याच गावातून तो वीस-बावीस वर्षांपूर्वी विजापूर-गोवळकोंड्याच्या स्वारीला निघाला होता. तिथंच २० फेब्रुवारी १७०७ रोजी तो वारला.

आणि मग अडचण निर्माण झाली ती मराठ्यांची. शत्रू होता तोवर दिशा एक होती. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं १७०७ च्या मे महिन्यात शाहूंना सोडून दिलं, आणि गादी कुणाची हा प्रश्न आला. ऑक्टोबरात खेडला ताराबाईंची फौज शाहूंसमोर उभी राहिली. धनाजी शाहूंकडे गेले. ज्यांनी मावळ राखलं त्या शंकराजी नारायणांनी, ताराबाईंना दिलेली शपथ आणि शिवाजीमहाराजांचा नातू यांच्या कात्रीत सापडून, जीव दिला. रामचंद्रपंत ताराबाईंच्या बाजूला, पुढं वेगळ्या झालेल्या कोल्हापूरच्या गादीबरोबर राहिले. हप्त्यांच्या कागदात रायगडापासून दिल्लीपर्यंत सगळं होतं. जिंकल्यावर राज्य कुणी चालवायचं एवढंच नव्हतं.

पन्हाळ्यावर १७१५ च्या सुमारास, राजारामांचे दुसरे पुत्र, कोल्हापूरचे तरुण संभाजीराजे यांच्यासाठी, रामचंद्रपंतांच्या नावावर असलेलं आज्ञापत्र लिहिलं गेलं. त्यात वतनदारांवर एक प्रकरण आहे. हे लोक म्हणजे लहानसे राजेच. राज्यापेक्षा त्यांचा जीव आपल्या जमिनीत. परचक्र आलं की आधी शत्रूशी सूत जमवतील. यांना फार सैल सोडू नये आणि फार आवळूही नये, असा त्याचा आशय. नवी वतनं तर देऊच नयेत. पंत तेव्हा पासष्टीच्या आसपास असतील. ज्या वतनांबद्दल ते इशारा देत होते, त्यांतल्या कित्येकांच्या सनदा जिंजीच्या वर्षांत खुद्द त्यांच्याच हातून सुटल्या होत्या, आणि त्या सुटल्या नसत्या तर हे पत्र ज्याच्यासाठी लिहायचं तो राजाही नसता. पंतांनी त्या सनदांचा उल्लेख कुठंच केलेला नाही. पुढच्याच वर्षी ते पन्हाळ्यावर वारले.